ईसीएम खरंच गेलाय का, आणि गेलाच असेल तर नीट कसा बदलायचा

गाडी सेल्फ घेते पण स्टार्ट होत नाही, किंवा चालता चालता बंद पडते आणि थंड झाली की परत सुरू होते, स्कॅनर (बिघाडाचे कोड वाचायचं यंत्र) लावला तर इंजिनशी बोलणंच होत नाही, आणि मग कोणीतरी सांगतं की ईसीएम गेलाय, बदलावा लागेल. हे ऐकलं की जरा थांबा. ईसीएम म्हणजे इंजिन कंट्रोल मॉड्यूल, कोणी ईसीयू म्हणतं, जिथे गिअरबॉक्सपण त्याच डब्यातून चालतो तिथे पीसीएम म्हणतात. डबा तसा दणकट असतो, आत हलणारा एकही भाग नाही. त्याच्याकडे येणारी वीज, त्याचा अर्थ (बॉडीला जाणारी अर्थिंगची वायर), कपलरच्या म्हणजे वायरींच्या प्लगच्या पिना, सेन्सरच्या वायरी हे सगळं सहसा त्याच्या आधी बिघडतं. आणि तो खरंच गेला असेल तर बऱ्याचदा बाहेरच्या कशाने तरी त्याला मारलेलं असतं, ते शोधलं नाही तर नवा डबापण तसाच मरतो.

हे मी स्वतः भोगलंय म्हणून इतकं ठासून सांगतोय. माझ्या गाडीत तिसऱ्या सिलिंडरला स्पार्क येईना, वायरिंग तपासलं, ईसीएममधून त्या कॉइलला सिग्नलच निघत नव्हता, म्हणजे आतला ड्रायव्हर (कॉइलला करंट सोडणारा ट्रान्झिस्टर) उडाला होता हे बरोबर होतं. दुसरा ईसीएम बसवला, गाडी मस्त चालली, आणि दोन दिवसांनी तोच सिलिंडर परत बंद. तेव्हा कुठे मी कॉइल काढून मोजली. बाकीच्या तिन्ही कॉइल प्रायमरीला (आतल्या पहिल्या वेटोळ्याला) ०.८ ओहमच्या आसपास आणि तिसरी ०.२. आतून शॉर्ट होती, करंट प्रमाणाबाहेर ओढत होती आणि ईसीएममधला छोटासा ट्रान्झिस्टर तो सहन करत करत जळत होता. एका कॉइलपायी दोन डबे गेले. आता कुठलाही ईसीएम बदलायच्या आधी मी सगळ्या कॉइल, इंजेक्टर आणि सोलेनॉइड मोजतो, अपवाद नाही.

पहिलं काम, लक्षणं लिहून काढा

कागद घ्या आणि गाडी नेमकं काय करते ते लिहा. थंड असताना होतं की गरम झाल्यावर, पावसात किंवा गाडी धुतल्यावर होतं का, खड्ड्यात आदळली की होतं का, बॅटरी नुकती बदलली का, कोणी जम्पर केबल लावून स्टार्ट केली होती का, गाडीवर वेल्डिंग झालं का. शेवटच्या दोन प्रश्नांना हो उत्तर आलं तर ईसीएमवर संशय घ्यायला खरंच कारण आहे, कारण केबल उलट्या लागल्या किंवा बॅटरी न काढता वेल्डिंग केलं तर आतली इलेक्ट्रॉनिक्स क्षणात जाऊ शकते.

मग चावी ऑन करा, सेल्फ मारू नका, मीटरमधला चेक इंजिनचा दिवा बघा. बऱ्याच गाड्यांत तो चावी ऑन केल्यावर लागतो आणि इंजिन सुरू झालं की विझतो. तो लागलाच नाही आणि टाकीतल्या पेट्रोल पंपाचा दोन सेकंदांचा गुंगुं आवाजपण आला नाही, तर ईसीएम जागाच होत नाहीये. का होत नाहीये हा पुढचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर फ्यूज किंवा रिलेमध्ये सापडायची शक्यता खूप जास्त.

बॅटरी आणि चार्जिंग

पूर्ण चार्ज आणि आराम केलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जाता कामा नये. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. नव्या गाड्यांत अल्टरनेटर कॉम्प्युटरच्या ताब्यात असतो म्हणून आकडा थोडा वरखाली होईल, पण १५ च्या वर जात असेल तर आधी ते दुरुस्त करा. कमी व्होल्टेजला ईसीएम वेड्यासारखा वागतो, नसलेल्या बिघाडांचे कोड टाकतो, सेल्फ मारताना रीसेट होतो. बॅटरीचे टर्मिनल हाताने हलवून बघा, पांढरी भुकटी असेल तर साफ करा. यात कंटाळा केला तर पुढची सगळी मापं खोटी येतात.

स्कॅनर काय सांगतो

डॅशबोर्डखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये १६ पिना असतात. १६ नंबरवर बॅटरीचा कायमचा पॉझिटिव्ह, ४ वर बॉडीचा अर्थ, ५ वर सिग्नलचा अर्थ, ६ आणि १४ वर कॅनच्या दोन वायरी, म्हणजे गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात ती लाइन. स्कॅनरचा दिवाच लागत नसेल तर आधी १६ आणि ४ मध्ये व्होल्टेज बघा, कारण अनेक गाड्यांत या सॉकेटचा फ्यूज सिगारेट लायटरबरोबर एकच असतो, तो उडालेला असतो आणि लोक ईसीएमला दोष देतात.

स्कॅनर लागला तर फक्त इंजिन नाही, सगळी मॉड्यूल (गाडीतले बाकीचे कॉम्प्युटरपण) स्कॅन करा. एबीएस, एअरबॅग, बॉडी सगळे बोलतायत आणि फक्त इंजिन बोलत नाही, आणि त्या बाकीच्यांत यू०१०० हा कोड आहे, म्हणजे ते सगळे म्हणतायत की आमचा ईसीएमशी संपर्क तुटला. याचा अर्थ ईसीएम मेलाय असा नाही, त्याला वीज नाही किंवा त्याच्यापर्यंतची कॅनची वायर तुटली असंपण असू शकतं.

ईसीएमशी बोलणं होतंय आणि पी०६०१ ते पी०६०७ मधला एखादा कोड येतोय, तर तो ईसीएम स्वतःबद्दल बोलतोय. पी०६०१ म्हणजे मेमरीचा हिशोब जुळत नाही, पी०६०२ म्हणजे प्रोग्रामिंग नीट झालेलं नाही, पी०६०३ कायम जिवंत राहणाऱ्या मेमरीचा, पी०६०४ रॅमचा, पी०६०५ रॉमचा, पी०६०६ प्रोसेसरचा. यातला पी०६०३ बॅटरी काढल्यानेपण येऊ शकतो आणि पी०६०६ कमकुवत बॅटरीवर सेल्फ मारल्याने आलेला मी पाहिलाय, म्हणून कोड लिहून घ्या, फोटो काढा, उडवा, आणि चांगल्या बॅटरीवर परत येतो का बघा. चांगल्या वीज आणि अर्थावर तो लगेच परत येत असेल तर आतला बिघाड पक्का होत चाललाय. पी०६०२ असेल तर डबा बदलायच्या आधी प्रोग्रामिंग परत करून बघायचं, कित्येकदा तेवढ्यावर भागतं.

वीज आणि अर्थ, इथेच जास्त वेळ घालवा

गाडीचा वायरिंग डायग्राम मिळवा. त्याच्याशिवाय पिना चाचपडत बसू नका, चुकीच्या पिनेवर टेस्ट लॅम्प लावून चांगला ईसीएम मारता येतो. डायग्राममध्ये तीन गोष्टी शोधा, बॅटरीचा कायमचा पॉझिटिव्ह, चावी ऑन केल्यावर येणारा पॉझिटिव्ह, आणि मेन रिलेतून (ईसीएमची मुख्य वीज सोडणारा स्विच) येणारा पॉझिटिव्ह. त्याबरोबर सगळ्या अर्थच्या पिना, त्या एकापेक्षा जास्त असतात.

आता लोक इथे मल्टिमीटर लावतात, १२ व्होल्ट दिसले की म्हणतात वीज येतेय, वायरिंग ओके. ही सगळ्यात मोठी फसगत आहे. वायर आतून सडून तिची एकच तार शिल्लक राहिली असेल तरी मल्टिमीटर १२.४ दाखवेल, कारण मल्टिमीटर करंट जवळजवळ घेतच नाही. ईसीएमने काम सुरू केलं, इंजेक्टर आणि कॉइल ओढायला लागला, की तेच व्होल्टेज धाडकन खाली येतं. म्हणून लोड टाकून बघा. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब आणि दोन वायरी, बस. बॅटरीची मायनस काढा, ईसीएमचा कपलर सोडवा, बॅटरी परत जोडा आणि बल्ब कपलरमधल्या पॉझिटिव्ह पिनेला आणि त्याच कपलरमधल्या अर्थच्या पिनेला लावा. पावणेदोन अँपिअरच्या आसपास करंट जातो. बल्ब लख्ख पेटला तर दोन्ही बाजू चांगल्या. मंद पिवळट पेटला, किंवा पेटलाच नाही, तर बिघाड तुमच्या हातात सापडलाय आणि ईसीएम निर्दोष आहे. बल्ब फक्त वीज आणि अर्थच्या पिनांनाच, सेन्सरच्या किंवा कॅनच्या वायरीला कधीही लावू नका, आणि पिनेत जाड प्रोब घुसवू नका, भोकाची (फीमेल) पिन एकदा फाकली की तीच नवी लूज कॉन्टॅक्टची दुखणी सुरू करते.

एक गोष्ट लक्षात ठेवा, बऱ्याच गाड्यांत मेन रिलेला ऑन करणारा स्वतः ईसीएमच असतो. कपलर काढलेला असताना त्या पिनेवर वीज येणारच नाही, ते बघून घाबरू नका. रिले काढून सॉकेटमध्ये योग्य दोन पिना फ्यूज लावलेल्या वायरने जोडा आणि मग बघा. रिले स्वतःपण बदलून बघा, त्याच फ्यूजबॉक्समध्ये तसाच दुसरा रिले बहुतेक असतोच.

अर्थ चालू स्थितीत मोजायचा. बॅटरी काढून कपलर परत लावा, बॅटरी जोडा, मल्टिमीटरची काळी वायर थेट बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर, लाल वायर कपलरच्या मागून बारीक पिन सरकवून अर्थच्या पिनेवर, आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.१ व्होल्टच्या आत आलं तर उत्तम. ०.३, ०.५ असं काही आलं तर अर्थ खराब आहे. तो अर्थ शेवटी बॉडीवर किंवा इंजिन ब्लॉकवर एका बोल्टला गेलेला असतो, तो बोल्ट खोला, बहुतेक वेळा खाली गंज किंवा रंग दिसतो, पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा आणि परत आवळा. नुसत्या या एका बोल्टमुळे ईसीएम बदललेल्या गाड्या असतात, आणि बदलूनही त्या तशाच राहिलेल्या असतात.

पाच व्होल्टचा धागा

ईसीएम बहुतेक सेन्सरना ५ व्होल्टची वीज देतो. थ्रॉटलचा सेन्सर, मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेच्या दाबाचा), एसीचा प्रेशर सेन्सर, पेडलचा सेन्सर यांना तीन वायरी, एक ५ व्होल्ट, एक अर्थ, एक सिग्नल. यातला एखादाच सेन्सर आतून शॉर्ट झाला, किंवा एखादी वायर एक्झॉस्टला चिकटून वितळली, तर त्या लाइनवरचे सगळे सेन्सर एकदम मरतात, ढीगभर कोड येतात, कधी पी०६४१ किंवा पी०६५१ येतो, काही गाड्यांत तर ईसीएम स्कॅनरशी बोलायचंपण थांबतो. हुबेहूब मेलेल्या ईसीएमसारखं दिसतं.

उपाय सोपा आहे. चावी ऑन, एका सेन्सरच्या कपलरवर ५ व्होल्टच्या वायरीला मल्टिमीटर लावून ठेवा. शून्य किंवा दीड-दोन व्होल्ट असेल तर बाकीचे सेन्सर एकेक करून काढत जा. एखादा काढल्याबरोबर आकडा उडी मारून ५ वर आला, की तोच चोर. सगळे काढले तरी आला नाही तर बॅटरी काढा, ईसीएमच्या कपलरमधून ती वायर मोकळी करा आणि वायर अर्थला शॉर्ट आहे का बघा. वायरपण मोकळी, आणि ईसीएमच्या त्या पिनेवर तरीही ५ येत नाही, आणि वीज-अर्थ तुम्ही बल्बने तपासलाय, तेव्हा म्हणा ईसीएम.

कॅनच्या दोन वायरी

बॅटरीची मायनस काढा, थोडा वेळ जाऊ द्या, आणि ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ मध्ये ओहम मोजा. कॅनच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, दोन्ही समांतर म्हणून ६० दिसायला हवेत. १२० दिसले तर एका टोकापर्यंतची वायर तुटलीय. जवळपास शून्य तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्यात. त्यातला एक रेझिस्टर बऱ्याचदा ईसीएमच्या आतच असतो, म्हणजे ईसीएम काढून मोजलं आणि १२० आले तर त्यात काही चूक नाही. मधे गेटवे मॉड्यूल असलेल्या गाड्यांत सॉकेटवरून आतला खरा आकडा कळत नाही, तिथे डायग्राम बघून आतल्या कपलरवर मोजावं लागतं.

आता डब्याजवळ जा

ईसीएम कुठे असतो हे गाडीवर आहे, बॅटरीशेजारी, काचेखालच्या वायपरच्या जाळीत, ग्लव्ह बॉक्सच्या मागे, पायाजवळच्या पॅनलमागे, काहींत थेट इंजिनवरच. बॅटरी काढून कपलर सोडवा आणि टॉर्च मारून पिना बघा. हिरवट पूड म्हणजे पाणी शिरलंय. पिनांवर तेलाचा थर असेल तर ते तेल वरून सांडलेलं असेलच असं नाही, ऑइल प्रेशर स्विच किंवा कॅमच्या सोलेनॉइडमधून गळणारं तेल वायरीच्या आतून, तांब्याच्या तारांमधल्या फटीतून, वातीत चढतं तसं चढत ईसीएमपर्यंत येतं. तो स्विच बदलल्याशिवाय ईसीएम बदलून काही उपयोग नाही. कपलर कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा, सुकू द्या, आणि प्रत्येक वायर मागून हलकेच ओढून बघा, जी बाहेर आली ती आत लागलेलीच नव्हती.

मधूनच येणारा प्रॉब्लेम असेल तर इंजिन चालू ठेवून वायरिंग हलवा, डब्यावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलके टकटक करा, केस वाळवायच्या ड्रायरने डबा कोमट करा. फक्त डबा गरम केल्यावर गाडी बंद पडत असेल आणि गार झाल्यावर सुरू होत असेल तर आतलं सोल्डर तडकलेलं असायची दाट शक्यता आहे. हीटगन लावू नका, प्लास्टिकच वितळेल.

एकच सिलिंडर मेलाय तर कॉइल किंवा इंजेक्टर दुसऱ्या सिलिंडरशी अदलाबदल करा, बिघाड त्याच्याबरोबर सरकला तर पार्ट खराब. सरकला नाही तर त्या सिलिंडरची वायर ईसीएमपर्यंत सलग आहे का, कुठे शॉर्ट आहे का हे बघा, आणि वायर चांगली असूनही पिनेवरून पल्स निघत नसेल तर आतला ड्रायव्हर गेलाय. साध्या पोर्ट इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत इंजेक्टर सहसा ११ ते १८ ओहमच्या मधे असतात. कॉइलची प्रायमरी मोजताना आधी मल्टिमीटरची दोन टोकं एकमेकांना लावून त्यांचाच रेझिस्टन्स वजा करा, नाहीतर ०.२ आणि ०.५ यातला फरक कळणार नाही. ज्या कॉइलला तीन-चार पिना आहेत त्यांच्या आतच बऱ्याचदा इग्नायटर (कॉइलचा ड्रायव्हर) असतो, त्या ओहमवर मोजून कळत नाहीत. आणि कॉमन रेल डिझेल किंवा डायरेक्ट इंजेक्शन पेट्रोलच्या इंजेक्टरला टेस्ट लॅम्प अजिबात लावू नका, तिथे साठ-पासष्ट व्होल्टपासून वर कितीही येतं, हातालाही धोका आणि ईसीएमलाही.

पक्कं झालं, आता कुठला डबा घ्यायचा

चार वाटा आहेत. नवा कोरा, कारखान्यात दुरुस्त केलेला, दुसऱ्या गाडीतून काढलेला जुना, किंवा स्वतःचाच डबा दुरुस्त करून घेणं. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा स्वतःचाच दुरुस्त होतोय का ते विचारा, कारण त्यात तुमच्या गाडीचा इमोबिलायझर (ओळखीच्या चावीशिवाय गाडी सुरू होऊ न देणारं कुलूप), चेसिस नंबर, कोडिंग म्हणजे गाडीतल्या सोयींची नोंद सगळं तसंच राहतं, बसवला की सुरू. जळालेला ड्रायव्हर, तडकलेलं सोल्डर, जुन्या गाड्यांतले गळणारे कपॅसिटर, हे अनुभवी माणूस बदलू शकतो. गळक्या कपॅसिटरचा डबा उघडला की माशासारखा वास येतो, बोर्डवर चिकट डाग दिसतो. पण काही डब्यांत बोर्ड सिरॅमिकचा असतो, केसापेक्षा बारीक तारा जेलमध्ये बुडवलेल्या असतात, तिथे सोल्डरिंग घेऊन जाऊ नका.

जुना घ्यायचा असेल तर स्टिकरवरचा हार्डवेअर नंबर आणि सॉफ्टवेअर नंबर दोन्ही अक्षरन् अक्षर जुळले पाहिजेत. शेवटचे एक-दोन आकडे वेगळे असले तरी आतला प्रोग्राम वेगळा असू शकतो, एक मॅन्युअल गिअरचा, एक ऑटोमॅटिकचा. जुन्या डब्यात दुसऱ्याच गाडीचा इमोबिलायझर असतो, म्हणून एकतर तो कोरा करून परत शिकवावा लागतो नाहीतर तुमच्या डब्यातली सगळी मेमरी त्यात क्लोन करावी लागते. क्लोन होण्यासाठी तुमच्या मेलेल्या डब्याची मेमरी वाचता आली पाहिजे, म्हणून तो फेकू नका.

काढायच्या आधी जे वाचता येईल ते वाचून ठेवा

डबा अजून थोडा तरी बोलत असेल तर स्कॅनरने चेसिस नंबर, कॅलिब्रेशन आयडी (आतल्या प्रोग्रामचा नंबर), कोडिंग, डिझेल असेल तर चारही इंजेक्टरचे कोड आणि पार्टिक्युलेट फिल्टरचे (धुरातली काजळी अडवणारा) राखेचे आकडे सेव्ह करा. इंजेक्टर कोड म्हणजे प्रत्येक इंजेक्टरचं कारखान्यात मोजलेलं वेगळेपण, बॉशवाले आयएमए म्हणतात, डेल्फीवाले सी२आय किंवा सी३आय. वाचता आले नाहीत तर इंजेक्टरच्या डोक्यावर छापलेले असतात, पुसून फोटो काढा. हे न टाकता गाडी चालवली तर आयडलला (पेडल न दाबता इंजिन चालताना) थडथडते, धूर करते, आणि लोकांना वाटतं नवा ईसीएमपण खराब निघाला.

बदलताना

चावी बंद करून काही मिनिटं थांबा, काही ईसीएम चावी काढल्यावरही थोडा वेळ जागे असतात, मेमरी लिहीत असतात. रेडिओला कोड लागत असेल तर तो हाताशी ठेवा. बॅटरीची मायनस आधी काढा आणि दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या. हात गाडीच्या उघड्या लोखंडाला लावून अंगातली स्टॅटिक वीज उतरवा, नव्या डब्याच्या पिनांना बोट लावू नका, शेवटच्या क्षणापर्यंत तो पिशवीतच राहू द्या.

कपलरला बहुतेक खटका आणि फिरणारा लिव्हर असतो, आधी खटका दाबायचा, मग लिव्हर पूर्ण फिरवायचा, कपलर आपोआप वर येतो. ओढाओढी केली तर पिना वाकतात. काही गाड्यांत चोरी होऊ नये म्हणून डोकं तुटलेले बोल्ट लावलेले असतात, त्यांना खाच पाडून किंवा छिन्नीने हळूहळू फिरवून काढावं लागतं, घाई नको. नवा डबा बसवताना सगळे स्क्रू लावा, दोन राहिले तरी चालतील असं म्हणू नका, काही डब्यांचा अर्थ आणि उष्णता त्या स्क्रूंतूनच बाहेर जाते. रबराचं सील नीट बसलंय ना बघा. वायरिंग डब्याच्या खाली थोडं लोंबून मग वर आलं पाहिजे, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी खालीच ठिबकेल, कपलरमध्ये उतरणार नाही.

प्रोग्रामिंग आणि चावी शिकवणं

इथे सगळ्यात जास्त डबे मरतात, म्हणून नीट वाचा. प्रोग्रामिंगला जे२५३४ प्रकारचं इंटरफेस (लॅपटॉप आणि गाडी जोडणारं यंत्र) किंवा कंपनीचंच टूल लागतं, आणि बॅटरीचं व्होल्टेज शेवटपर्यंत स्थिर लागतं. त्यासाठी प्रोग्रामिंगकरता बनवलेला पॉवर सप्लाय मिळतो, १३.५ च्या आसपास एकसारखा देणारा. साधा बॅटरी चार्जर चालत नाही, त्याची वीज खडबडीत असते आणि डेटा मधेच तुटतो. लाइट, एसीचा पंखा, टेप सगळं बंद, लॅपटॉप चार्जिंगवर, त्याचं स्लीप मोड आणि अपडेट बंद, दार उघडू नका, चावीला हात लावू नका. मधेच तुटलं तर काही डबे परत सुरू करता येतात, काही कायमचे दगड होतात. हे साहित्य नसेल तर हा भाग ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून करून घ्या, यात काही कमीपणा नाही.

त्यानंतर इमोबिलायझर. चावीतली चिप, इग्निशनभोवतीची रिंग आणि ईसीएम यांचं गुपित जुळलं पाहिजे. जुळलं नाही तर गाडी एक-दोन सेकंद सुरू होऊन बंद पडते किंवा सुरूच होत नाही, आणि चावीचा दिवा लुकलुकतो. हे दिसलं तर इंधनाचा प्रॉब्लेम शोधत बसू नका. शिकवायला बऱ्याच गाड्यांत पिन कोड लागतो आणि गाडीच्या सगळ्या चाव्या एकदम हजर लागतात, घरी राहिलेली चावी नंतर चालणार नाही.

मग चेसिस नंबर लिहा, गाडीतल्या सोयींप्रमाणे कोडिंग करा, इंजेक्टर कोड टाका, थ्रॉटलचं लर्निंग करा, ज्या गाडीला क्रँक सेन्सरचं लर्निंग लागतं तिथे तेपण, नाहीतर मिसफायर नीट मोजला जात नाही. लर्निंग व्हायच्या आधी आयडल वरखाली होणारच, लगेच घाबरून काही खोलू नका.

बसवल्यावर

पहिल्यांदा सुरू झाली की कोड वाचा, बॅटरी काढल्यामुळे आलेले उडवा. कूलंट गरम होऊन पंखा एकदा फिरेपर्यंत चालू ठेवा. शॉर्ट आणि लाँग फ्युएल ट्रिम (ईसीएम इंधन किती टक्के कमी-जास्त करतोय ते) बघा, दोन्ही मिळून अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत असतील तर ठीक. मग रस्त्यावर न्या, शहरातल्या थांबत-चालतच्या वेगात आणि मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगात, दोन्हीकडे. परत आल्यावर गरम असतानाच बंद करा, पंधरा-वीस मिनिटं थांबा, आणि परत स्टार्ट करा, गरम स्टार्टलाच जुना बिघाड होता तर तो इथेच डोकं वर काढेल. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड स्टार्ट. रेडिनेस मॉनिटर (ईसीएमच्या स्वतःच्या तपासण्या) पूर्ण व्हायला काही दिवसांचं चालवणं लागतं, ते पूर्ण झाले आणि एकही कोड आला नाही की मगच पॅनल आणि ग्लव्ह बॉक्स कायमचे लावा.

कॉइल आणि इंजेक्टर दोन दिवसांनी गरम असताना परत एकदा मोजा, थंड असताना चांगली दिसणारी कॉइल गरम झाल्यावर शॉर्ट होऊ शकते. जुना डबा त्याच्या पिशवीत घालून, वर तुमच्या गाडीचा नंबर आणि सगळी मापं लिहिलेला कागद चिकटवून, कोरड्या जागी ठेवून द्या. पुढे कधी नव्या डब्यात काही राहून गेल्याचं कळलं, एखादं कोडिंग, एखादा आकडा, तर तो फक्त त्या जुन्या डब्यातच असेल.